बद्द आवाज

केतकी आडनाईकची सीडी मी घेतली
कारण तिचा भाऊ आमच्या फौंड्रीत मोल्डिंगला,
आणि रोज डबा शेजारी उघडणाऱ्या माणसाला
शंभर रुपयांसाठी नाही कसं म्हणणार.
'दार ओढून घ्या'. नऊ गाणी, एक गिटार.
कव्हरवर स्टीलचा पेला, तोही धड मध्ये नाही.
दसरा चौकातला छोटा हॉल, अकरा माणसं,
त्यातली चार आडनाईक.

परतताना गाडीत लावली.
व्हीनस कॉर्नरच्या सिग्नललाच कळलं, काही खरं नाही.
आवाज वर जाता जाता बसायचा
चढाला लागलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखा.
चौथ्या गाण्यात तर मागे कुकर.
मी बटण दाबलं.
प्लेअर घरघरला, अर्धी सीडी बाहेर दाखवली
आणि पुन्हा गिळून टाकली.
ती तिथंच राहिली.
रेडिओ आधीच गेलेला.
राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव, जाऊन येऊन पन्नास मिनिटं,
एक तर केतकी, नाहीतर टायर.
महिनाभर मी टायर ऐकला.

तसं माझं काम ऐकण्याचंच.
कास्टिंग साखळीला टांगायचं, हातोडीनं टिचकी मारायची.
खणखणलं तर पुढे.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी भेग,
लाल खडूची फुली, भंगार.
बावीस वर्षं झाली. कान चुकत नाही, असं साहेबसुद्धा म्हणतात.
केतकीवर मी फुली पहिल्याच दिवशी मारलेली.

मग एका थर्ड शिफ्टनंतर
उजळाईवाडीच्या पुलाखाली ट्रक आडवा झाला.
डोळ्यांवर झोप. झोप उडावी म्हणून लावली, बाकी काही नाही.
दुसरं गाणं:
*खोली सोडताना
भिंतीतले खिळे कुणाचे*
एवढंच. पुढं ती गुणगुणते, शब्द सुचले नसावेत.
घरी आलो, बूट न काढता भिंती बघितल्या.
चौदा खिळे. आमचे पाच.
एकाला वैजयंता गेली नऊ वर्षं गाळणी अडकवते,
तो कुणी ठोकला होता
तिलाही माहीत नाही.

त्यानंतर मी टायर ऐकला नाही.
तिसऱ्या गाण्यात 'परत' म्हणायच्या आधी
ती श्वास घेते, जरा उशिरा,
पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी, तसा.
सातव्यात खिडकीबाहेरून स्कूटर जाते,
ती जाईपर्यंत गिटार थांबते.
सहावं अजून आवडत नाही.
ते नदीवर आहे, आणि आपण नदीवर आहोत
हे त्याला फार माहीत आहे.

सरदार नदाफला ऐकवलं. म्हणाला, 'लई झोप याय लागलीया राव.'
लक्ष्मीपुरीतला मेस्त्री म्हणाला, 'काढून टाकू?
ब्लूटूथ बसवतो, बाराशेत.'
म्हटलं, फक्त हॉर्न बघ.

आवाज बद्दच आहे. ते मी मागे घेत नाही.
तो बसतो तिथं बसतोच.
फक्त हल्ली त्या जागेआधी
मी काच वर घेतो.

परवा गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
म्हशीजवळ पेला धरून ती उभी दिसली.
एवढे दिवस मनात जुळवलेलं एक वाक्य होतं,
ते ऐनवेळी गेलं.
म्हणालो, 'चौथ्यात कुकरच्या दोनच शिट्ट्या आहेत.
तिसरी कापली का?'
तिनं ओठावरचा फेस पुसला.
मला वरून खाली बघितलं.
'गॅस संपला हो.'
मग थोड्या वेळानं, 'तुमी ऐकलाय?'
'अडकलीय,' मी म्हणालो.
ती हसली नाही. पेला पुन्हा धारेखाली धरला, माझ्याकडे दिला.
पैसे दोन्ही पेल्यांचे
माझेच गेले.