कान दिसले पाहिजेत

चाळीस वर्षं मी चिआतुरात पासपोर्टचे फोटो काढले.
समोर बघा. तोंड मिटा. दात नकोत.
केस मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
अर्धं गाव माझ्या पांढऱ्या पडद्यासमोरून उठलं
आणि गेलं, सलोनिकाला, बारीला,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला.
मी एवढंच म्हणायचो, पापणी हलवू नका.

आता सगळे मोबाइलवरच काढतात.
म्हणून एतेरीनं बोलावलं तेव्हा
दर मंगळवारी जाऊ लागलो
बंद पडलेल्या रोपवे स्टेशनामागे,
तिथं तिनं सदतीस कुत्री ठेवलीत, एक तीन पायांची मांजर
आणि कुणाचं तरी गाढव.
गाढवाचा नको, म्हणते. ते कुठं जाणार?

कुत्र्यांना समोर बघा म्हणून भागत नाही.
मी खाली बसतो, माझे गुडघे कुरकुरतात,
त्या आवाजानंच काहीजण कान टवकारतात.
तेवढ्यात बटण.
एकीला कुणीतरी फार मारलं असणार,
कॅमेरा उचलला की ती जमिनीत शिरू बघायची.
तिच्यासाठी दिवसभर तो नुसता गळ्यात लटकत ठेवला,
संध्याकाळी पोटावरूनच, न बघता, एक घेतला.
त्यात निम्मं आभाळच आलंय.
तरी तेवढ्यावर तिला घर मिळालं.

राहिला मुरिया.
काळा. म्हणजे आमच्या खाणीच्या तोंडासारखा.
कॅमेऱ्याला त्याचा चेहराच सापडेना.
प्रत्येक फोटोत कुत्र्याच्या आकाराचं एक भोक
आणि कानातला पिवळा बिल्ला.
लोक फोटो बघायचे, त्याच्यापाशी येऊन
बोट पुढं सरकायचं.
असे पाच हिवाळे.

फेब्रुवारीत बर्फ पडून लख्ख ऊन आलं.
शेडचं दार अर्धं ढकललं,
बर्फावरून उसळलेला उजेड आत घेतला,
शटर इतकं सावकाश ठेवलं की मी श्वास धरला
आणि, का कोण जाणे, मुरियानंही.
फोटोत तो तपकिरी आला, जुन्या मधासारखा.
त्याला भुवया आहेत
हे एतेरीलाही तेव्हाच कळलं.

दहा दिवसांनी एक बाई आली, त्सियाला,
हातात नवा कोरा पट्टा.
बराच वेळ जाळीपाशी उभी राहिली.
"हा तो नव्हे. हा काळा आहे.
खोटे फोटो काढता तुम्ही."
एतेरी माझ्याकडे बघू लागली,
मी लेन्सचं झाकण शोधू लागलो.
मुरिया जाळीतून नाक काढून तिच्या बुटावरचा बर्फ चाटत होता.
ती गेली. पट्टाही घेऊन गेली.

शनिवारी परत. पर्समधून काढलं
खाणीचं ओळखपत्र, कोपरा उंदरानं कुरतडलेलं.
माझाच पडदा, माझाच दिवा.
"हा माझा नवरा. तुम्हीच काढलेला.
एवढा गोरा तो लग्नातसुद्धा नव्हता.
एकवीस वर्षं ते मँगनीज त्याच्या सुरकुत्यांतून निघालं नाही,
उशीचे अभ्रे काळे व्हायचे, मी भांडायचे.
इथं बघा, काही म्हणजे काही नाही."
मला दुसरं सुचलं नाही. म्हणालो,
कान दिसायला हवेत, एवढाच नियम होता.
तिनं कार्ड नाकाशी धरलं.
"कान मात्र त्याचेच आहेत," म्हणाली,
आणि वाकून मुरियाच्या गळ्यात पट्टा बांधू लागली,
दोनदा चुकलं, मग जमलं.

उतारावरून तो तिला ओढत नेत होता.
मी एक काढला. दोघं पाठमोरे,
पांढऱ्यावर काळा, आहे तसा.
कुठल्याच नियमात बसत नाही.

एतेरी बादली उचलत म्हणाली,
गाढवाचाही काढून ठेव रे एक.
नुसता असू दे.