खड्डामाग

भावकाण्णा हजेरी यांचं निम्मं शरीर
चाळीसेक वर्षं जमिनीच्या खाली होतं.
शहापूर, कोरे गल्ली. घर रस्त्यापेक्षा हातभर खोल.
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलं
की खिडकी येते नेमकी डोळ्यांसमोर
आणि तिच्यातून जातात फक्त पाय.

अप्पांनी देश तेवढाच बघितला, घोट्यापर्यंतचा.

जन्म सांगली संस्थानातला, म्हणजे ह्याच खोलीतला.
सूत रेशनवर गेलं त्या साली कांडी भरायला शिकले.
संस्थान विलीन झालं तेव्हा वाजंत्र्यांचे पाय गेले,
एकाचा जोडा तालाबाहेर पडत होता, हे लक्षात.
झेंडा कुठला होता?
ते वर असतंय, म्हणायचे. तुझ्या आईला विचार.

छप्पन्न साली ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी
मागावर हिरवं नऊवारी होतं, पाच वार झालेलं.
रात्री कंदील विझवला मुंबई राज्यात.
उरलेले चार वार म्हैसूरचे.
सकाळी ह्यांचा धोटा चालेना, आई सांगे.
छे गं, पावडीची दोरी तुटली होती, अप्पा सांगत.
काही असो, तिथं विरळ पट्टा पडला.
शेठनं बोटानं चाचपून साडेतीन रुपये कापायचे म्हटल्यावर
लुगडं घरी परत आलं. आईनं नेसलं,
पट्टा निऱ्यांत दडवून, अकरा वर्षं.

तारा मोजायचे कानडीत, ओंदु, एरडु, मूरु.
रागवायचे मराठीत.
बनशंकरीपुढं ओठ हलत, आवाज येत नसे.

शहाऐंशीच्या जूनमध्ये खिडकीत नुसते बूट.
एक पोरगं दारातून आत, थेट खड्ड्यात,
अप्पांच्या पायांशी मुटकुळं करून.
अप्पांनी माग चालूच ठेवला.
थांबलेला माग लांबूनही ऐकू येतोय, म्हणाले.
पोरगं गेलं, चप्पल राहिली. डाव्या पायाची.
कुठल्या बाजूचं होतं, मी विचारलं.
"घामेजलं होतं बघ."

माग थांबला तो त्र्याण्णवला.
शेजारी आठ पॉवरलूम आले, भिंतीवरचे देव थरथरायला लागले.
खड्ड्यात विटांचे तुकडे ओतले अप्पांनीच,
टोपली टोपली.
ती चप्पलही.

मग खुर्ची. खुर्चीवरून माणसांची तोंडं दिसतात,
अप्पा बावचळत. आलेल्याचे आधी पाय बघत,
मग म्हणत, हां, तू कल्लाप्पाचा.
दिल्लीत सीमेचा दावा चालू. पेपर वाचून दाखवला
की विचारत, सुताचा भाव काय लिहिलाय?

गेले चौदा साली, दसऱ्यानंतर आठेक दिवसांनी.
दाखला हाती येईस्तोवर
शहराचं नाव बदललं होतं.
कानडी कागद. मी अक्षर अक्षर लावत वाचला,
बोट ठेवून, तारा मोजल्यासारखा.

एकोणीसच्या पावसात पाणी दारातून यायच्या आधी
फरशीखालून आलं.
चार फरश्या खचल्या, बरोबर तेवढ्याच चौकोनात.
बादली शोधायची सोडून
मी काठावर बसले, पाय आत सोडले.
खिडकी समोर आली.
उचललेल्या साडीखाली कुणाचे तरी पाय
गढूळ पाण्यातून चालले होते,
अनवाणी, सावकाश, कुठं ठेवायचं ते चाचपत.