एक तास पाच मिनिटं

उजळाईवाडीच्या काचेच्या दारामागं
शिवलीलाची हातातली बॅग काट्यावर चढली.
आठ किलो चारशे.
चालतं सातच.

किटली नुसती तोलून
लिटर सांगणारा मी,
घरात बॅग उचलून म्हणालो होतो,
"सहाच्या वर न्हाई, जा बिनघोर."

मग कांदा-लसणाची बरणी बाहेर,
तोंडाला तिच्या आईनं दोनदा बांधलेलं फडकं,
आणि बरणी माझ्या हातात.

"हैदराबाद किती लांब?" गार्डला विचारलं.
"एक तास पाच मिनिटं, काका."
"न्हाई, किलोमीटर?"
तो हसला. त्यालाही कधी लागलं नसेल.

एम-एटीला किक मारली तेव्हा
विमान टेंबलाईच्या टेकडीवर
करंगळीएवढं.
उचगावात पेंडीची दोन पोती सांगितली.
कावळा नाक्यावर सिग्नल, मागं ऊसाची ट्रॉली,
आणि दसरा चौकात मागचं चाक बसलं.

जमीर मुल्ला ट्यूब पाण्यात दाबून
गोल गोल फिरवत होता,
तेवढ्यात फोन.
"अप्पा, उतरलो मी. तुम्ही पोचलाय न्हवं?"

गंगावेस अजून मैलभर.
कट्ट्यावर म्हशी खोळंबलेल्या,
गिऱ्हाईक रिकामा ग्लास घेऊन
रस्त्याकडं बघत असणार.

"मगाशीच," मी म्हणालो.

जमीरनं एकदा माझ्याकडं बघितलं,
एकदा सीटवरच्या बरणीकडं.
पाण्यातून बारीक बुडबुडे वर आले.
"घावलं," म्हणाला,
"हितनं जातीया हवा."