बावीस रकाने

खानापुरात, कौलांच्या भट्टीमागं, भाड्याच्या खोलीत
आम्ही तिघं एका छेदावर ओणवलेले.
लोखंडी पत्र्यावर घण घालून जमिनीला विचारलेलं,
तिनं दिलेली उत्तरं या कागदावर:
काळी-पांढरी, थरथरती,
बरीचशी पुटपुट.

साठ मिलिसेकंदांपाशी एक ठसठशीत पट्टा.
मी लिहिलं, "आयाम मोठा."
ईरण्णा बेटगेरीनं, कन्नडात विचार करून, मराठीत:
"परावर्तन जोरकस."
हिल्डाच्या चौकोनात नुसतं "चमक".

त्याच्या खाली, तरंग जिथं विस्कटतो,
तिथं मात्र तिघांचाही एकच शब्द: विसंगती.
बरं वाटलं. मग चहाला बसल्यावर कळलं,
मला म्हणायची होती भेग,
ईरण्णाला ओल,
आणि हिल्डाला, रस्त्यावरनं गेलेला उसाचा ट्रॅक्टर.

वारंवारिता, वक्रता, कला
(हिल्डा दर वेळी विचारते, चंद्राची का?)
असे बावीस रकाने.
कुणी ते गणितानं लावतं, कुणी दगडानं.
सरपंच फोनवर: "ते सगळं ऱ्हाऊ दे,
पाणी हाय की न्हाई तेवढं सांगा."

दुपारी लाईट गेली.
खाली नागव्वा आवा उतरवत होत्या.
प्रत्येक मडक्यावर बोटाचं पेर:
टण्ण, उजवीकडं.
बद्द, डावीकडं.
एक टण्ण निघून शेवटी घसरलं, ते पायापाशी.
"हे कसलं?"
"पाण्याचं न्हवं. धान्याला चालतंय."
आतनं सुनेनं मराठीत काही विचारलं,
त्यांनी कन्नडात सांगितलं, हात न थांबवता.

मग एक मडकं दोनदा वाजवलं,
कानाशी धरलं,
उंबऱ्यावर एकटंच ठेवलं.
"आणि हे?"
"कळंना."
"मग डावीकडं?"
"कळंना म्हटलं की. बद्द कुठं म्हटलं?"

लाईट आली. आम्ही बावीसचे नऊ केले,
भांडून. हिल्डाची "चमक" राहिली,
कारण ती सगळ्यांना दिसते.
विसंगतीपुढं प्रत्येकानं आपापलं लिहिलं,
भेग, ओल, ट्रॅक्टर,
खाली तीन वेगळ्या सह्या.

संध्याकाळी सरपंचांचा पुन्हा फोन.
अहवालातलं एक वाक्य वाचायला घेतलं, सोडून दिलं.
म्हटलं, "टण्ण नाही. पण बद्दही नाही."
पलीकडं जरा वेळ नुसती म्हैस ऐकू आली.
मग:
"हां. तसं सांगा की.
उद्या दोन माणसं देतो,
तिथंच अजून चार घण मारा."