लेखी उत्तर पंधरा दिवसांत

पणजीला, नदीकाठच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर
संसदेची समिती बसली आहे.
मी डाव्या कोपऱ्यात, प्रतिवेदक.
माझं काम : जे बोललं जाईल ते.
जे बोललं जाणार नाही त्यासाठी आमच्या लघुलिपीत
एक आडवी रेघ आहे.
ती शक्यतो वापरू नये, म्हणतात.

सकाळपासून आकडे.
संचालकांनी पडद्यावर एक रेषा दाखवली,
घसरगुंडीवर पोर सोडावं तशी अलगद
उतरत जाणारी.
टेकते तिथे लिहिलंय : निव्वळ शून्य.
आमच्या दिवाडीच्या शाळेत शेणवीबाई
शून्याला पूज्य म्हणत.
वजाबाकी जमली की खाली पूज्य,
आणि पुसायला जीव होत नसे.

अध्यक्षा विचारतात : गुंतवणूक?
तीनशे बारा कोटी, मॅडम.
परतावा?
संचालक पाणी पितात.
रोजचे प्रवासी किती?
संचालक मागे बघतात.

मागच्या खुर्चीत इनास कुतिन्हो,
फेरीबोटीचा इंजिन ड्रायव्हर, साक्षीदार क्रमांक सहा.
इस्त्रीचा शर्ट, नखांत जुनं ग्रीस.
उठून उभा राहतो. बसून बोला, म्हणतात.
बसतो. आवाज फुटत नाही. पुन्हा उभा राहतो.

चालत येणाऱ्याला तिकीट नाही, सायबा.
तिकीट नाही म्हणजे मोजणी नाही.
पण कळतं.
कसं कळतं?
बोट किती बुडते त्यावरून.

(हशा) असं लिहायचं असतं. लिहिलं.
तो हसला नव्हता.
बोंदेराला लाल पट्टा पाण्याखाली जातो, म्हणाला.
रविवारच्या पहिल्या मिसाला चार बोटं वर.
आणि कधी माणसं थोडीच, सगळी मधोमध, गप्प,
पट्टा दिसतो पुरा,
तरी बोट जड चालते.
पेटी असते तेव्हा.

मग एक सदस्य, लांबच्या कोरड्या मुलखातले :
धक्क्याला लागल्यावरही तुमचं इंजिन चालूच.
दर फेरीला बारा मिनिटं, दिवसाला चाळीस फेऱ्या.
उभ्या बोटीत डिझेल कशाला जाळता?
गुणाकार त्यांनी घरूनच करून आणला होता.

इनासने एक तळवा टेबलावर आडवा ठेवला
आणि दुसऱ्या हाताने त्याला
दाबून धरलं, हलू न देता.
ओहोटी ओढते, सायबा.
बोट उभी राहत नाही. उभी धरावी लागते.
म्हातारी उतरेपर्यंत.
गॅसचा टेम्पो चढेपर्यंत.

खिडकीबाहेर बेतीची फेरी
धक्क्यात नाक खुपसून थरथरत होती.
सगळ्यांनी एकदमच तिकडे पाहिलं.
मी ती रेघ ओढली.

नव्या, बॅटरीवरच्या बोटीत
हा वेळ हिशेबात धरलाय का?
तपासून सांगतो, मॅडम.
लेखी उत्तर पंधरा दिवसांत.
आणि चहा आला.

जिन्यात तो माझ्या मागोमाग उतरला.
बाय, ती बॅटरीची बोट वाईट नाही हां.
आवाज नाही तिला.
माझा उजवा कान गेला चोवीस वर्षांत.
हे लिहिलंत?
नाही, म्हटलं, हे तुम्ही आत बोलला नाहीत.
त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही.
मी उजव्या बाजूला होते.

रात्री पावणेनऊला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर
शेवटून दुसरी फेरी सुटायच्या बेतात.
वर केबिनमध्ये कुणी कोवळा पोरगा.
माझी बॅटरी दिसली असावी त्याला,
इंजिनाचा सूर वाढला
आणि लोखंड दगडाला घट्ट चिकटून राहिलं.

चढले. वाकून पट्टा पाहिला.
मी चढल्याने काही फरक पडला नव्हता.
एक मोटरसायकल, मासळीच्या रिकाम्या पाट्या,
शिकवणीहून परतणारी दोन मुलं.

परिच्छेद एकशे नऊ अजून टंकायचा आहे.
दिल्लीला इंग्रजी प्रत जाईल.
‘उभी धरावी लागते’ला तिथे काय लिहावं
ते दिवाडीचा दिवा दिसेस्तोवर सुचलं नाही.