अडीच ओहम

मुहर्रकवरून विमानं इतकी खालून जातात
की शेल्फावरच्या बाटल्या एकमेकींना लागतात.
आंबा, पुदिना, थंड कलिंगड.
दिवसभर चाखून माझ्या जिभेला आता तिन्ही सारखेच.

घाडीगावकर बुधवारी येतो, हिद्दच्या बंदरावरून,
क्रेनवरून उतरलेला,
पण हात अजून वरच असल्यासारखे
काउंटरची कड धरून उभा राहतो.
"माका जरा जोराचा दी," म्हणतो,
"घशाक लागाक व्हया. बिडयेसारख्या."

मी पावतीच्या पाठीवर लिहून दाखवतो.
व्होल्टचा वर्ग, भागिले ओहम.
दीड ओहमची कॉइल असेल तर पावणेचारवर थांब,
नऊ वॅट झाले, घसा खूश.
अडीचची घेतलीस तर पाचापर्यंत जा,
पाचाचा वर्ग पंचवीस, भागिले अडीच,
बरोब्बर दहा.
"म्हणजे धग सारखीच?"
जवळपास सारखीच.
"मग दोन जाती कित्याक?"
कमी रोधाची वीज जास्त ओढते, बॅटरी तापते,
आणि तुझं हे जुनं यंत्र अडीच अँपियरच्या वर
हात वर करतं.

रोध. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी उच्चारला.
इथे सगळे रेझिस्टन्स म्हणतात,
अबू जासिम नुसतं बोटांनी दाखवतो, जाड की बारीक.
सावंतवाडीच्या आयटीआयत मोरजे मास्तर
खडूची भुकटी झटकत म्हणायचे,
रोध म्हणजे तारेनं घातलेली हुज्जत.
हुज्जत घातली नाही, तर उजेड पडणार कसा?

घाडीगावकरनं अडीचची घेतली. एक दिनार दोनशे फिल्स.
मी मीटर लावून दाखवलं, अडीच, बघ.
शनिवारी परत. कापूस काळा,
तोंडात जळक्या चिंधीची चव.
पुढच्या शनिवारी पुन्हा.
"किती ठेवला होतास?"
सहा.
"कोणी सांगितलं सहा?"
तो विमानाकडे बघत राहिला, जाईपर्यंत.
मग म्हणाला, शुक्रवारी घराकडे फोन असतो.
ती फोन समोर ठेवून तांदूळ निवडते.
मी बोलतंय, ती निवडता.
शुक्रवारी बटण आपोआप वर जातं.

मी काय बोलणार.
पाचाच्या खुणेवर पांढऱ्या शाईचा ठिपका दिला,
याच्यापुढे नाही, म्हटलं,
नवी कॉइल अर्ध्या पैशात दिली,
आणि आधी चार थेंब कापसावर सोड,
पाच मिनिटं मुरू दे, हे तिसऱ्यांदा सांगितलं.
तो ठिपक्यावर अंगठा फिरवत गेला.

रात्री शटर अर्धं ओढून हिशेब करताना
सहज मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली.
मधे काहीच नव्हतं. आकडा आला,
शून्य पॉइंट तीन.
तारांचा स्वतःचा रोध. मास्तर ओरडायचे,
आधी तो वजा करा गाढवांनो, मग वाचा.
मी सात महिने वजा केलाच नव्हता.

म्हणजे मी अडीच म्हणून विकली
ती सव्वादोनसुद्धा नव्हती.
छत्तीस भागिले दोन पॉइंट दोन. सोळाच्या वर.
तो सहावर गेला हे खरं,
पण थोडा मीही जाळला तो कापूस.
आणि माझा ठिपकाही आता चुकीच्या जागी.

वहीत त्याचा नंबर आहे, बहारीनचा.
साडेअकरा वाजलेत. उद्या शुक्रवार.
साडेचारवर ठेव, इतकंच लिहिलं,
मग वाटलं, कारण विचारेल.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
बाटल्या वाजल्या. कोचीचं असणार,
या वेळेला तेच उतरतं.