बावीस कळा

माझ्या यंत्राला बावीस कळा होत्या.
यंगस्टाउनच्या कोर्टात एकतीस वर्षं
त्यांवर बोटं ठेवून बसले,
वकिलांच्या खाली, साक्षीदाराच्या जवळ.
जे बोललं गेलं ते उतरवलं.
ध चा मा कधी केला नाही.

हे तुला सांगतेय, लेमार,
कारण काल तुझी आजी फोनवर म्हणाली,
पोरगा उद्या चौकीत जातोय, आपणहून,
त्या जळालेल्या गाडीबद्दल काय ते सांगून टाकायला.
कर नाही त्याला डर कशाला, म्हणाली.
धाकटी बहीण माझी. तिचं बोलणं मी सहसा खोडत नाही.
बस. सूप घे, गार होतंय.

डेल्बर्ट प्रुइट म्हणून एक होता,
एकोणीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला.
त्यालाही डर नव्हती.
त्या खोलीत घड्याळ नव्हतं, म्हणे,
आणि खुर्चीचा एक पाय आखूड.
पोलीस भला होता. हे नीट ऐक: भला होता.
त्याने सँडविच मागवलं,
पोराला आवडत नाहीत म्हणून काकडीचे काप स्वतः काढून ठेवले,
आपल्या मुलाच्या बेसबॉलच्या गोष्टी सांगितल्या.
आठव्या तासाला तोच प्रश्न पुन्हा आला
तेव्हा डेल्बर्ट वैतागून म्हणाला,
हो ना, मीच मारलं तिला, मग उडत घरी गेलो!

टेप नव्हती. वही होती.
साक्षीला आल्यावर पोलिसाने वहीतून वाचलं,
किराण्याची यादी वाचावी तसं.
हो. मीच मारलं तिला. मग घरी गेलो.
उडणं वहीत नव्हतं.
तो खोटं बोलला असं मला अजूनही वाटत नाही.
घाईत लिहिलं असेल. रात्र झाली होती.

आणि मी ते उतरवलं. अचूक.
उपरोधाला कळ नसते, बाळा.
तुंबलेल्या लघवीला नसते, झोपेला नसते,
प्रश्न कितव्यांदा आला त्यालाही नसते.
बारा ज्युरींनी डेल्बर्टचं म्हणणं ऐकलं,
पण त्यांचे डोळे वहीवर.
त्या रात्री माझ्या करंगळीत एक कळ आली.
थंडीत अजून येते. ती तेविसावी.

हर्चको बाईचं वेगळं.
धोबीखान्यात इस्त्री करायची, इंग्रजी तोडकंमोडकं.
चौकीत दोन वाक्यं बोलली
आणि पुढचे पाच तास हातांवरचे भाजल्याचे डाग बघत बसली.
तिच्या खटल्यात त्या रात्रीचं
एकही पान माझ्या बोटांखालून गेलं नाही.
गप्प का बसलीस, हे विचारायचीही सरकारी वकिलाला सोय नव्हती.
तिने केलं होतं का?
मला ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही.

बोलणाऱ्याची माती खपते, हे बाजारात.
त्या खोलीत बोलणाऱ्याच्या सोन्याची माती होते.
नऊ वाजता औषधाच्या दुकानात होतो म्हणशील,
पावतीवर साडेनऊ निघतील,
आणि तुझी चूक उभी राहील लबाडी म्हणून.

पण नुसते मूग गिळून भागत नाही.
शाळेतली हाताची घडी, तोंडावर बोट, ते इथे चालत नाही.
गप्प बसण्यासाठी आधी बोलावं लागतं, स्पष्ट:
मी उत्तरं देणार नाही. मला वकील हवा.
मग काही नाही. बेसबॉलवरही नाही.

म्हण बघू.

“मला वाटतं, वकील असता तर बरं…”

वाटतं नको. बरं नको. पुन्हा.

तिसऱ्या वेळी तू म्हणालास,
चमचा खाली ठेवून, माझ्याकडे बघून,
आणि टेबलावर माझी बोटं आपोआप हलली.
दोन वाक्यं. पूर्णविराम.
मग तू गप्प झालास.
बोटं थांबली.